सन्मान

डंडीच्या त्या दवाखान्यात भिंतीवर तेव्हा
एकच जोडपं होतं.
बाविशीतलं, ओल्या केसांचं,
दात असे की टूथपेस्टचीच जाहिरात वाटावी.
खाली ओळ : मजा करा, पण जपून.
ओळ माझी.
पोटं सपाट केली तीही मीच,
माऊसच्या दोन फटक्यांत.

त्याच पोस्टरखाली सेंगा बसली होती,
एकाहत्तर वर्षांची, अंगातला कोट न काढता.
नर्सनं विचारलं, नातवासोबत आलात का?
नाही, म्हणाली, माझंच आहे.
आग होतेय.
समोरची सगळी रांग मोबाइलमध्ये शिरली.

हे तिनंच सांगितलं पुढे,
आमच्या ऑफिसात, चहात बिस्कीट बुडवत.
साहेबांच्या हाती आकडे आले होते,
साठीपुढच्यांत क्लॅमिडिया वाढतोय म्हणून.
आकड्याला चेहरा हवा, असं ठरलं होतं.
चेहरा म्हणून ती आली. बरोबर मर्डो,
गुरुवारच्या नाचाच्या क्लबातला,
कानात यंत्र, बुटांना ताजं पॉलिश.

"नवरा जाऊन नऊ वर्षं झाली.
पाळी जाऊन बावीस.
पोर राहायची भीती संपली
की सगळीच भीती संपते,
असं शिकवलं होतं आम्हाला.
शिकवलं कसलं.
कुणी काही शिकवलंच नव्हतं."

फोटो तिच्याच घरी काढले.
तिनं नवी चादर घातली, परत काढली,
परक्याच्या घरी निजल्यासारखं वाटतं म्हणाली,
आणि धुऊन धुऊन विरलेली पिवळी अंथरली.
मर्डोनं यंत्र काढून उशाजवळच्या बशीत ठेवलं.
हिचं बोलणं मला एवढ्या जवळून
असंच ऐकू येतं, म्हणाला.
ती हसली.
मान मागे टाकून, गळ्याच्या सैल कातडीसकट,
वरचा दात पडलाय त्या जागेसकट.
तेव्हाच शटर पडलं.

मी हजारो अंगं नीटनेटकी केलीत.
हवंहवंसं वाटणं दिसलं असे फोटो
एका हाताच्या बोटांवर येतील.

समितीत सात जण.
बाई म्हणाल्या, सुरेख आहे, पण लोक बिचकतील.
एकाला बहुधा आई आठवली,
तो खिडकीतून नदीवरचा पूल बघत राहिला.
मग कुणी म्हणालं, वयाचा सन्मान राखायला हवा.
सन्मान हा शब्द निघाला
की मला कात्री काढावी लागते.

वरून कापलं, हसू गेलं.
डावीकडून कापलं, बशी गेली.
मग खांदे. मग चादर, तिचा रंग उदास वाटतो म्हणून.
उरले चार हात.
मधे चहाचा कप असावा, असं कुणाला सुचलं,
तो मी दुसरीकडून आणून ठेवला,
वाफेसकट.

पोस्टर बसथांब्यांवर लागलं
आणि सेंगाचा फोन आला.
मी शिव्या खायच्या तयारीत.
हात बरे आलेत, ती म्हणाली.
तीस वर्षं घड्याळं जुळवली या बोटांनी,
केसाहून बारीक स्प्रिंगा.
कारखाना मिटला तेव्हाही पेपरवाल्यांनी
आमचे हातच छापले होते.
मग जरा थांबून :
"शेजारीण विचारत होती, काय गं,
संधिवाताच्या औषधाची जाहिरात केलीस?"
मी हसलो. ती नाही हसली.

रात्री फाइल उघडली.
कापलेलं तसं कुठं जात नाही,
चौकटीमागे दबून असतं.
कडा धरून ओढत गेलो.
पिवळी चादर आली. खांदे. दाताची ती जागा.
अगदी डावीकडे बशी.
बशीत यंत्र, आणि यंत्राला टेकून
कंडोमचं पाकीट,
कोपऱ्याशी फाडलेलं.

आम्हा सातआठ जणांत
कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं
की तेही कापलं गेलंय.